पहिला तुकडा कोणाला

"जगाच्या पाठीवर कुठल्याही टेबलावर बसव मला," निऱ्या करता करता मी ऋजुताला म्हणाले, "तिथून मान ताठ ठेवूनच उठेन."

ऋजुता माझ्या पायाशी बसून निऱ्यांचा खालचा काठ धरत होती. तिच्या तोंडात सेफ्टी पिन होती, म्हणून तिला लगेच बोलता आलं नाही.

यात बढाई काही नव्हती. ठाण्याच्या एका केटरिंग कॉलेजात मी जन्मभर टेबल मॅनर्स शिकवले. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, आणि सुरीची धार आपल्या बशीकडे, शेजाऱ्याच्या पोटाकडे नाही. सूप पिताना चमचा आपल्यापासून लांब न्यायचा. नॅपकिन मांडीवर कसा उलगडावा यावर मी पाऊण तास बोलत असे आणि पोरं जागी राहून ऐकत. निदान डोळे उघडे ठेवून.

"मावशी," पिन काढून ऋजुता म्हणाली, "ते हॉटेल नाहीये, घर आहे. आणि ब्राझीलमध्ये जरा वेगळं..."

"काय वेगळं असणार? दोन हात, एक तोंड. पुढचं सगळं शिकवता येतं."

ऋजुता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही पहिलीत होती. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि ऋजुता एका सुटकेससकट माझ्याकडे आली. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे कोणाची परवानगी काढायचा प्रश्न नव्हता. ती शिकली, मोठी झाली, नोकरीसाठी बेलो होरिझोंते नावाच्या शहरात गेली. ते मला आधी नकाशात सापडत नव्हतं आणि नंतर बोलता येत नव्हतं. तिथे तिला ओतावियो भेटला. उंच, हसरा, धरणं बांधणारा इंजिनिअर.

तिने मला तिकीट पाठवलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, "तू ये. त्याच्या घरी बस, जेव, माणसं बघ. जेवण झालं की मला हो की नाही ते सांग. तू नाही म्हणालीस तर मी परत येईन."

आली असती. ती पोर तसल्या बाबतीत खोटं बोलत नसे. आणि मी विमानात बसले तीच नाही म्हणायला. इतक्या लांब, परक्या घरात, हिला ताप आला तर मऊ भाताची पेज कोण करून देणार, या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याही धरणात दिसत नव्हतं.

त्या रविवारी ओतावियोच्या आईचा वाढदिवस होता. नाव सेलेस्ते, पण सगळे दोना सेलेस्ते म्हणत. दोना म्हणजे आपल्याकडचं बाई.

"जेवायला एकला बोलावलंय ना? मग एकला पोचायचं," मी म्हणाले.

"मावशी, इथे एक म्हणजे दोन. सव्वादोनला गेलं तरी आपण पहिले असू."

"आपण मुलीकडचे. उशिरा गेलो तर काय म्हणतील?"

"वेळेवर गेलो तर काय म्हणतील ते विचार ना."

मी विचारलं नाही. बरोबर एक वाजता मी त्यांच्या दाराची बेल दाबली.

दार खुद्द दोना सेलेस्तेंनी उघडलं. अंगात टॉवेलचा झगा, डोक्याला थापलेला तपकिरी रंग, एका पायाच्या बोटांत कापसाचे बोळे. दुसऱ्या पायाची नखं अजून रंगवायची होती. मागे ओतावियो अर्ध्या चड्डीत, डोक्यावर शेजाऱ्यांच्या खुर्च्या घेऊन उभा. परीक्षा उद्या नसून आजच आहे असं सांगितल्यावर माझ्या विद्यार्थ्यांचा चेहरा व्हायचा, तसा दोना सेलेस्तेंचा झाला. पण बाई मोठी खमकी. पुढे झाल्या आणि त्यांनी माझ्या गालाला गाल लावला. मग दुसऱ्या बाजूने लावला. झालं असं समजून मी मागे सरकले, तर त्या तोंड पुढे करून तशाच उभ्या.

"तिसरा राहिला," ऋजुता कुजबुजली. "इथे तीन असतात."

"तिसरा कशाला?"

"लग्न जमावं म्हणून."

"मग राहू दे तूर्त," मी म्हणाले आणि गालावरचा केसांचा रंग पुसायला रुमाल काढला.

सव्वादोनपर्यंत आम्ही दिवाणखान्यात बसलो. आतून पाण्याचा, हेअर ड्रायरचा, ओतावियोला रागावण्याचा असे आवाज येत होते. ऋजुता माझ्याकडे बघत नव्हती, पण तिची पाठ हसत होती.

मग माणसं येऊ लागली. पहिले आले दोना सेलेस्तेंचे भाऊ, तियो अन्सेल्मो. गोल, लाल, मिशीवाले. तियो म्हणजे मामाच. त्यांच्या मागून चीज घातलेले पावाचे गरम गोळे आले. पाव हा शब्द पोर्तुगीजांनीच आपल्याला दिला, तेव्हा या विषयात तरी मी घरचीच होते. पाव सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा, हा माझ्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला नियम. मी गोळा उचलला आणि शिस्तीत मोडला. अन्सेल्मोमामांनी हळूच मला कागदी नॅपकिन दिला. मी तो मांडीवर पसरला. दुसऱ्या गोळ्याला त्यांनी आणखी एक दिला. तोही मी पसरला. तिसरा देताना त्यांनी स्वतःचा गोळा नॅपकिनमध्ये धरून मला हलवून दाखवला, लहान मुलाला खुळखुळा दाखवावा तसा. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांच्या हातात नॅपकिन आणि नॅपकिनमध्ये गोळा. उघड्या बोटांनी खाणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

"इथे खाण्याला बोट लावत नाहीत, मावशी," ऋजुता म्हणाली. "पिझ्झासुद्धा काट्याने खातात."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुझा पाऊण तासाचा तास होता ना यावर."

तेवढ्यात एक बारीक, पांढऱ्या केसांच्या, ताठ बाई आल्या. दोना सेलेस्ते तोपर्यंत नटूनथटून दाराशी उभ्या होत्या आणि येईल त्याचे गाल घेत होत्या. या बाई दिसल्या मात्र, दोना सेलेस्तेंना स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला आणि त्या आत गेल्या.

"नेउझा आत्या," ऋजुताने सांगितलं. "ओतावियोच्या वडिलांची मोठी बहीण. शेजारच्याच घरात राहते. वडील गेल्यापासून ही आणि दोना सेलेस्ते एकमेकींशी बोलत नाहीत."

"का?"

"कोणालाच नक्की माहीत नाही. त्या दोघींनाही आठवत नसेल आता."

"मग येते कशाला?"

"वाढदिवसाला न येणं वाईट दिसतं."

मला पहिल्यांदाच त्या घरात थोडं मोकळं वाटलं. आमच्या पेणच्या घरात अशा तीन जोड्या होत्या आणि सगळ्या श्रावणी सोमवारी एकाच पंगतीला जेवत.

जेवायला मला नेउझाबाईंच्या शेजारी बसवलं. ती खुर्ची रिकामी का होती हे विचारायची गरज नव्हती. समोर ऋजुता, तिच्या बाजूला अन्सेल्मोमामा, टेबलाच्या टोकाला दोना सेलेस्ते. भात, काळ्या घेवड्याची उसळ, डुकराची भाजलेली मांडी, आणि एका मोठ्या मातीच्या भांड्यात कोंबडी. कोंबडीत भेंडी होती.

"भेंडी?" मी हळूच म्हणाले.

"इथली खासियत आहे."

"कोंबडीत?"

"मावशी, नीट चेहरा कर."

मी सीकेपी घरातली. कोंबडीत काय घालावं आणि काय घालू नये यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत. मनात म्हटलं, मिळालं कारण. मी काटा-सुरी उचलली आणि एक घास घेतला.

खरं सांगते, ती कोंबडी फार छान होती. रस्सा दाट, भेंडी अख्खी पण बुळबुळीत नाही, आणि लसूण असा की आमच्या आजीने आशीर्वाद दिला असता. दोना सेलेस्ते टेबलाच्या टोकावरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. तोंडात घास, भाषा येत नाही, पण कौतुक तर करायला हवं. मग आपल्याकडे जेवण फर्स्ट क्लास झालं की आपण करतो तीच खूण मी केली. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल, बाकीची तीन बोटं वर. चांगली उंच धरली, म्हणजे त्यांना टोकापर्यंत दिसावी.

टेबल गप्प झालं. अन्सेल्मोमामांचा काटा बशीत पडला. नेउझाबाई माझ्या हाताकडे बघत राहिल्या, कधी काळी पाहिलेलं काहीतरी आठवावं तशा.

"मावशी, हात खाली घे," ऋजुता म्हणाली.

"का?"

"घरी गेल्यावर सांगते."

"आत्ता सांग."

ती टेबलावरून पुढे वाकली आणि माझ्या कानात तिने सांगितलं. तो शब्द मी मराठीतसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला.

ज्या पोरीचं लग्न ठरवायला किंवा मोडायला मी आले होते, तिच्या होणाऱ्या सासूला तिच्या वाढदिवशी, तिच्याच टेबलावर, मी ते दाखवलं होतं. नाही म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. पोर्तुगीजमध्ये माफी कशी मागतात मला ठाऊक नव्हतं. मग लहानपणापासून अंगात मुरलेलं तेच केलं. दोन्ही हातांनी दोन्ही कानांच्या पाळ्या घट्ट धरल्या आणि मान डोलावली.

टेबलावर एकदम जल्लोष झाला. अन्सेल्मोमामा हसत उठले आणि त्यांनीही स्वतःचा कान धरला. ओतावियोने धरला. नेउझाबाईंनीसुद्धा एक पाळी दोन बोटांत पकडून मला दाखवली. दोना सेलेस्ते छातीवर हात ठेवून लाजल्या.

"आता काय केलं मी?" मी विचारलं.

ऋजुताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "कानाची पाळी धरणं म्हणजे इथे जेवण अप्रतिम झालंय. तू तर दोन्ही धरल्यास. एवढं कोणीच कधी केलं नाही."

"अगं, मी माफी मागत होते."

"मिळाली. आता जेव."

त्यानंतर दोना सेलेस्तेंनी मला वाढायला घेतलं. मी नको म्हटलं, त्यांनी वाढलं. मी बशीवर हात आडवा धरला, त्यांनी हात उचलून बाजूला ठेवला आणि वाढलं. आग्रहाच्या बाबतीत पेणकरांना कोणी हरवू शकत नाही असं मला वाटत होतं, पण त्या बाईंनी बोलताबोलता माझ्या बशीत अर्धी कोंबडी घातली.

मग मी एक गोष्ट बघितली. दोना सेलेस्ते भावाशी कशावरून तरी हुज्जत घालत होत्या. घालता घालता त्यांनी भांड्यातून कोंबडीचा एक तुकडा आपल्या बशीत घेतला, काट्या-सुरीने त्याची कातडी नीट सोलून काढली आणि तुकडा ऋजुताच्या बशीत ठेवला. तिकडे न बघता. हुज्जत मध्ये थांबली नाही. ऋजुतानेही मान वर न करता तो खायला घेतला.

कोंबडीची कातडी ऋजुता कधीच खात नाही. लहानपणी दिसली तरी ताटावरून उठायची. इतकी वर्षं ती काढून देण्याचं काम माझं होतं.

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ प्यायले.

जेवण आटोपलं तसा केक आला. सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवत एक गाणं इतक्या भरधाव म्हटलं की मी टाळीतसुद्धा मागे पडले. दोना सेलेस्तेंनी सुरी खाली घालून केक वरच्या दिशेने कापला. मनात इच्छा धरून असंच उलटं कापायचं असतं म्हणे. एक भलामोठा तुकडा त्यांनी बशीत घेतला आणि त्या बोलू लागल्या. चांगलं दोन-तीन मिनिटं. सगळे गंभीर झाले. मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून मी समारंभात पाहुण्यांनी करायचा असतो तो चेहरा केला आणि योग्य वाटेल तिथे मान हलवली. ऋजुताकडे बघितलं, तर ती टेबलक्लॉथकडे बघत होती. वाटलं, भेंडी घशात अडकली असेल.

बोलणं संपलं आणि दोना सेलेस्तेंनी टेबलाला वळसा घालून ती बशी माझ्या हातात दिली.

आता तुम्हीच सांगा. वयाने मोठी बाई शेजारी असताना पहिला तुकडा आपण तोंडात घालायचा, हे कुठल्या संस्कारात बसतं? मी छान हसले, "आधी तुम्ही," असं मराठीत म्हणाले आणि बशी नेउझाबाईंपुढे ठेवली.

अंगठ्या-तर्जनीच्या वेळी झाली ती शांतता काहीच नव्हती. आता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला. नेउझाबाई बशीकडे बघत होत्या, मग त्यांनी मान वर करून दोना सेलेस्तेंकडे बघितलं. दोना सेलेस्ते तिथेच उभ्या, रिकामा हात अजून पुढे धरलेला.

"ऋजुता," मी म्हणाले, "ही कुठली खूण झाली आता?"

तिचा आवाज नीट निघत नव्हता. "मावशी, इथे पहिला तुकडा असाच कोणाला देत नाहीत. ज्याचा वाढदिवस त्याने तो एकाच माणसाला द्यायचा. ज्याचे सगळ्यात जास्त उपकार वाटतात त्याला. सगळ्यांसमोर सांगून."

"म्हणजे तो माझा होता?"

"हो."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, या घरात पहिला तुकडा नेहमी ओतावियोच्या वडिलांना जायचा. ते गेल्यापासून मी कोणालाच दिला नाही, केक नुसता कापला. आज देते. जी आई नसताना आई झाली आणि जिने एवढी गुणी पोर वाढवली, तिला." ऋजुता थांबली. "आणि म्हणाल्या, तिने अजून हो म्हटलेलं नाही हे मला माहीत आहे. ती नाही म्हणाली तरी हा तुकडा तिचाच."

मी खुर्चीवर बसले.

ऋजुता माझ्याकडे आली तेव्हा आमच्याकडे सगळे माझ्याबद्दल म्हणाले होते, शरयूला काय, एकटीच तर आहे, तिलाही सोबत झाली. तापात जागले, शाळेच्या मीटिंगांना गेले, कातड्या सोलल्या. त्यात उपकार असतात हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. ते पहिल्यांदा कोणीतरी उभं राहून, चारचौघांत, मोठ्याने बोललं, तेही पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, मला न कळणाऱ्या भाषेत. आणि मी ते चटणीच्या वाटीसारखं शेजाऱ्याकडे सरकवलं होतं. इतकी वर्षं झाली, त्या केकची चव मला नीट आठवत नाही. ऋजुताने भाषांतर केलेले ते शब्द मात्र तसेच्या तसे आहेत, तिच्या फाटलेल्या आवाजासकट.

तेवढ्यात नेउझाबाईंनी काटा उचलला. केकचा एक कोपरा तोडून तोंडात घातला, सावकाश खाल्ला आणि दोना सेलेस्तेंकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"साखर जास्त झालीय."

दोना सेलेस्तेंचा पुढे धरलेला हात कमरेवर गेला. त्या भराभरा बोलल्या.

"आणि या?"

"तुझा भाऊ कधी तक्रार करत नव्हता."

नेउझाबाईंनी उत्तर दिलं. दोना सेलेस्तेंनी त्याच्यावर उत्तर दिलं. आवाज चढले. अन्सेल्मोमामांनी डोळे मिटून छातीवर क्रूसाची खूण केली.

"भांडण लावलं का मी?" मी घाबरून विचारलं.

"मावशी, बोलतायत त्या," ऋजुता म्हणाली. "ऐक ना. बोलतायत."

भांडता भांडताच नेउझाबाईंनी काट्याने त्या तुकड्याचे दोन भाग केले, एक आपल्याकडे ठेवला आणि बशी माझ्यापुढे ढकलली. माझ्याकडे न बघता. त्या घरात प्रेमाने काही करायचं तर न बघताच करतात, एवढं मला आता कळलं होतं.

मी उठले. काटा शेजारीच होता, तो मी घेतला नाही. ज्या बाईने जन्मभर पोरांना काटे-सुऱ्या शिकवल्या, तिने पाच बोटांनी केक मोडला. मधल्या थरात आटवलेल्या दुधाचा चिकट गर होता, तो मनगटाकडे ओघळू लागला. टेबलाला वळसा घालून मी दोना सेलेस्तेंसमोर जाऊन उभी राहिले. भांडण थांबलं.

"ऋजुता, त्यांना सांग," मी म्हणाले, "आमच्याकडे लग्न ठरलं की विहिणीचं तोंड गोड करतात."

ऋजुताला काही सांगता आलं नाही. ती ओतावियोच्या शर्टात तोंड खुपसून उभी होती, आणि त्या बिचाऱ्याला एक अक्षर कळलं नव्हतं. पण दोना सेलेस्तेंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि डोळे मिटून आ केला. मी घास भरवला. त्यांनी तो तसाच तोंडात धरून ठेवला, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं.

मग त्यांनी नॅपकिनशिवाय, उघड्या हाताने, केकचा माझ्यापेक्षा दुप्पट मोठा गोळा उचलला. मी तोंड उघडलं. त्यांनी तो बोटांसकट आत कोंबला, माझ्या डोक्यामागे दुसरा हात ठेवला आणि चांगला दाबला, एकही कण बाहेर राहू नये म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोना सेलेस्तेंनी हात बाहेर काढला तेव्हा माझी वरची कवळी त्यांच्या बोटांना चिकटून आली होती.